मदत हवी आहे: मांडवा ते मालवण शिडाच्या बोटीने. डिझेल आणि उतरायची जागा

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर मी आणि मेव्हणा आमची २६ फुटी शिडाची बोट घेऊन मांडव्याहून मालवणला निघतोय. गेल्या वर्षी जयगडवरून परत फिरलो. समुद्राने काहीच त्रास दिला नाही, सगळा वैताग काठाला लागल्यावर.

आधी डिझेल. इंजिन लहान, तासाला दोन लिटर पितं, टाकी ४० लिटरची. दुपारी खारा वारा (समुद्रावरून येणारा, वायव्येचा) सुटला की शीड चालतं, पण सकाळी इंजिन लागतंच. एका बंदरात पंप थेट धक्क्यावर, नळी आमच्यापासून वीस हातांवर. पण पंप मच्छीमार सोसायटीचा, डिझेल सभासदांच्या नौकांना, कोट्यावर. "कोट्याचं पुस्तक आहे का?" नाही म्हटलं, विषय संपला. त्यांना हिशेब द्यावा लागतो, राग नाही. मग कॅन घेऊन रिक्षाने गावाबाहेर. तिथला पोरगा म्हणे प्लॅस्टिकमध्ये देणार नाही. शेवटी रिक्षावाल्यानेच कुठून तरी पत्र्याचा डबा पैदा केला. रिक्षाचेच साडेचारशे झाले.

दुसरं, उतरायचं कुठे? जेटीला बोट लावली की अर्ध्या तासात "ओ, काढा ती, फेरी येतेय". नांगर टाकून डिंगीने (सोबतच्या छोट्या होडीने) जावं तर ओहोटीला गुडघाभर चिखल, आणि जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर कालवं (धारदार शिंपले). मेव्हण्याच्या तळपायाला चार टाके पडले. हर्णैला तर मासळीच बैलगाडीतून काठावर येताना पाहिली, आम्ही कोण लागून गेलो!

दाभोळ ते विजयदुर्ग या टप्प्यात डिझेल आणून देणारं कुणी आहे का? डिंगी निर्धास्त ठेवता येईल अशी जागा?

खाडीकर:
पौर्णिमेच्या आसपास निघाला होतात ना? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बारा, म्हणजे संध्याकाळी तुम्ही बंदरात शिरता तेव्हा नेमकी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची, पाणी सगळ्यात मागे जाणारी. अष्टमीला सहाची भरती, आणि भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस) असल्याने पाणी फार मागेही हटत नाही. षष्ठीला निघा, दशमीपर्यंत संध्याकाळी पायऱ्या पाण्याखाली असतील.

डिझेलचं म्हणाल तर मालवण साधारण १७० सागरी मैल. पाच नॉटने (तासाला पाच सागरी मैल) अख्खा प्रवास इंजिनवर केलात तरी ३४ तास, ६८ लिटर. २० लिटरचे दोन पत्र्याचे डबे घरूनच भरून न्या, वाटेत कुणाच्या दारात जायला नको. केबिनमध्ये ठेवू नका, डेकवर बांधा. आणि डिंगीत जुन्या चपला ठेवा, अनवाणी कसले उतरता!

धागाकर्ता:
अरे देवा, पौर्णिमाच होती! चांदण्यात जाऊ म्हणून मुद्दाम धरली होती. आणि ६८ लिटरचा हिशेब मी कधी मांडलाच नाही, टाकी अर्धी झाली की जीव वर-खाली.

जाताना जमेल मग. पण परतीला तोच वायव्येचा वारा नाकावर, शीड जवळपास गुंडाळूनच ठेवावं लागणार, आणि डबे तोवर रिकामे. मालवणला हे दोन डबे भरून आणून देईल असं कुणाच्या ओळखीचं कुणी आहे का? रिक्षाचे पैसे वेगळे देईन.