आयोवातल्या छोट्या गावची शाळा: आठवडा कसा असतो?

नवी_जागा:

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला आयोवाच्या वायव्य भागातल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली आहे. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत. जुलैत सामान हलवायचं आहे. सध्या आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. इथल्या एका हायस्कुलात जितकी मुलं आहेत तितकी माणसं त्या गावात नाहीत! लेक पाचवीत जाईल, मुलगा नववीत.

तिथल्या शाळेचं कॅलेंडर उघडलं आणि गोंधळूनच गेले. दर बुधवारी 'अर्ली आउट' म्हणजे शाळा लवकर सुटणार, मंगळवार-गुरुवार व्हॉलीबॉल, शुक्रवारी अमेरिकन फुटबॉल, मध्येच बँडसाठी 'पोर्क सपर' (डुकराच्या मांसाचं जेवण), सोमवारी शाळेच्या बोर्डाची मीटिंग. आम्ही शाकाहारी. मुलगा अबोल आहे, खेळाची फारशी आवड नाही. इथे रविवारची मराठी शाळा होती, तीही आता सुटणार.

अशा गावात स्वतः राहिलेल्या कुणी आठवडा कसा जातो ते सांगाल का? वेबसाइटवरची माहिती मी वाचली आहे. आपली मुलं त्यात कुठे बसतात, ते कळायला हवं आहे.

कराडची_लेक:

ताई, आम्हाला अशाच एका गावात अकरा वर्षं झाली. माहेर कराडजवळ. नवरा इथल्या धान्याच्या को-ऑपमध्ये हिशेब बघतो. गावाच्या टोकाला त्यांची धान्याची उंच कोठारं आहेत. पहिल्यांदा लांबून दिसली तेव्हा मला आमच्याकडच्या साखर कारखान्याची आठवण झाली होती. मी स्वतः सहा वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षकांच्या हाताखाली मदतनीस आहे. थोरली मागच्या मे महिन्यात बारावी झाली, धाकटा आठवीत आहे. म्हणजे पालक म्हणूनही बघितलं आहे आणि आतूनही.

आधी डिस्ट्रिक्टबद्दल, म्हणजे आसपासच्या गावांच्या शाळा मिळून चालवणाऱ्या कारभाराबद्दल. आयोवात बहुतेक ठिकाणी नावच 'कम्युनिटी स्कूल डिस्ट्रिक्ट' असं असतं. आमचं तीन गावांचं मिळून आहे. बालवाडी ते बारावी धरून साडेचारशेच्या आसपास मुलं. प्राथमिक शाळा आमच्या गावात, हायस्कूल नऊ मैलांवरच्या दुसऱ्या गावात. तिसऱ्या गावातली शाळा मुलं कमी झाली म्हणून कधीच बंद झाली. इमारत अजून उभी आहे, आणि तिथल्या जुन्या माणसांच्या मनातून ते दुःख गेलेलं नाही. तुमच्याकडेही अशी जोडगावं असतील. कुणाचं मूळ गाव कुठलं ते आधी ऐकून घ्या, मग शाळेविषयी बोला.

सोमवार शांत. महिन्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी बोर्डाची बैठक होते. आमच्याकडे पाच सभासद. निवडून आलेले असतात, पण पगार नसतो. कापणीच्या दिवसांत एक जण शेतातून थेट येतो, टोपीवर मक्याचा भुसा तसाच असतो. आपल्या ग्रामसभेसारखी कुणालाही बसता येते. एकदा तरी जाऊन बसा. बसचा मार्ग का बदलला, संगीताच्या शिक्षिकेची जागा का भरली नाही, हे सगळं तिथेच कळतं.

मंगळवार आणि गुरुवार सामन्यांचे. आधी व्हॉलीबॉल, थंडीत बास्केटबॉल. लेक सातवीत असताना बास्केटबॉलच्या संघात होती, खरं तर बाकावरच होती. छोट्या शाळेत नाव दिलं की बहुधा घेतात, कारण संघ उभा करायलाच मुलं लागतात. मी पहिल्या दिवशी जिममध्ये गेले आणि दिसली त्या जागी बसले. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, बसायला घरून उशी आणलेली. त्यांनी मला खेळ समजावून सांगितला, पण आधी स्वतःचा सांगितला. आयोवात पूर्वी मुली सहा-सहाच्या संघाने बास्केटबॉल खेळायच्या. तिघी नुसत्या गोल करणाऱ्या, तिघी अडवणाऱ्या, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही आणि एकीने चेंडूचे दोनच टप्पे मारायचे. १९९३पर्यंत हा खेळ चालला. आजी अडवणाऱ्यांतल्या. सांगताना त्यांनी दोन्ही हात असे पसरले की पुढच्या रांगेतल्या माणसाची टोपी पडली. त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या शेजारीच बसले. माझ्या लेकीचं नाव गावात सगळ्यांत आधी नीट म्हणायला त्या शिकल्या. मला चारदा विचारून शिकल्या.

आता बुधवार. हा तुम्हाला सगळ्यांत जास्त जाणवेल. दुपारी दोनच्या आसपास मुलांना सोडतात, कारण शिक्षकांचं प्रशिक्षण असतं. संध्याकाळी मात्र गाव चर्चमध्ये. मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, म्हणून शाळा त्या संध्याकाळी सराव ठेवत नाही, सामने ठेवत नाही. पहिल्या वर्षी लेकीच्या सगळ्या मैत्रिणी सहा वाजता आपापल्या चर्चला जायच्या आणि ही खिडकीशी उभी. एकदा विचारलं, "आई, बुधवारी आपण कुठे जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री नवऱ्याशी बोलले, आणि पुढच्या बुधवारपासून ती संध्याकाळ आमची झाली. पिठलं-भात, नंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मराठी. आधी बाराखडी, मग शुद्धलेखन, मग कराडच्या आजीला एक पत्र. फोनवर नाही, कागदावर आणि पोस्टात. पत्र पोचायला कधी तीन आठवडे लागायचे. आजी ते पत्र शेजारणींना वाचून दाखवायची. एका बुधवारी लेकीच्या मैत्रिणीच्या चर्चचा वर्ग नव्हता, म्हणून ती आमच्याकडे आली. मी पोळ्या लाटत होते. लेकीने पोळपाटावरच्या पिठात बोटाने तिचं नाव देवनागरीत लिहून दाखवलं. त्या पोरीने ते पुसलं आणि पुन्हा स्वतः लिहिलं, वेलांटी चुकली म्हणून परत पुसलं. मला त्या दिवशी पोळ्यांना फार उशीर झाला.

तुमची रविवारची शाळा सुटते आहे ना? बुधवार मोकळाच आहे, ताई.

शुक्रवारी फुटबॉल. आमच्यासारख्या लहान शाळा अकराऐवजी आठ-आठ खेळाडूंचा खेळ खेळतात. खेळ समजला नाही तरी अर्ध्या वेळात बँड येतो तेव्हा जागेवरून उठू नका. आमच्याकडे एक मुलगा हेल्मेट काढून, खांद्यावर खेळाचं पॅडिंग तसंच ठेवून, ट्रॉम्बोन घेऊन रांगेत उभा राहायचा. वाजवून झालं की पुन्हा मैदानात. इथे एकच मूल चार ठिकाणी लागतं. मोठ्या शाळेत ज्याला कोपरा मिळाला असता त्याला इथे काम मिळतं. तुमच्या अबोल मुलासाठी म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. नाटकाला दिवे लावायला, सामन्यात गुणफलक चालवायला, रस्सीखेचीत उभं राहायला कुणी ना कुणी हवंच असतं, आणि मास्तर येऊन स्वतः विचारतात.

तिथेच खाण्याचा स्टॉल असतो, पालकांच्या पाळ्या लागतात, पैसा बँडच्या सहलीला किंवा एखाद्या वर्गाला जातो. पाळी घ्याच. चिप्सची पुडी आडवी फोडून त्यात मसाला घातलेला खिमा आणि चीज टाकतात, त्याला 'वॉकिंग टाको' म्हणतात. मी पहिल्याच वर्षी सांगितलं की मांसाला हात लावणार नाही, तर मला पॉपकॉर्न आणि गल्ला दिला. कुणी एक शब्द विचारला नाही. त्या दोन तासांत मूल कुणाचं, आजोबा कुणाचे, हे जितकं कळलं तितकं आधीच्या अख्ख्या वर्षात कळलं नव्हतं.

दुपारच्या जेवणाचं सांगते. शाळेच्या जेवणात मांस असतंच. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईंना स्वतः जाऊन भेटा, ईमेल नको. थंडीत एक दिवस 'चिली' (खिमा घातलेला दाट रस्सा) आणि सिनॅमन रोल (दालचिनीचा गोड पाव) एकत्र देतात, इथल्या लोकांचा जीव आहे त्या जोडीवर. चिलीत मांस असतं, रोल मात्र मुलं आनंदाने खातात. आम्ही बाकी डबाच देतो.

आणि बर्फ. पहाटे साडेपाच-सहाला फोनवर निरोप येतो: 'दोन तास उशिरा' किंवा सुट्टी. बस खडीच्या रस्त्यांवरून येते, शहरासारखं नाही. पहिल्या हिवाळ्यात शाळेकडे आमचा जुना नंबर होता, निरोप आलाच नाही. मी लेकीला घेऊन उणे वीस सेल्सियसमध्ये वीस मिनिटं थांब्यावर उभी. ट्रकमधून जाणारा एक शेतकरी थांबला आणि म्हणाला, आज शाळा नाही. लेकीच्या पापण्यांवर बर्फ जमलं होतं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. दोघांचेही नंबर पहिल्या दिवशी ऑफिसात जाऊन तपासून घ्या.

शाळा २३ ऑगस्टच्या आत सुरू होत नाही, राज्याचा कायदाच आहे. म्हणजे जुलैत आलात की घर लावायला महिनाभर मिळेल.

काळी_माती:

वरच्या ताईंनी लिहिलं ते खरं आहे, पण अभ्यासाचं राहिलं. ते मी लिहितो, कारण आमचा तिथेच त्रास झाला.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये वरचं गणित शिकवणारे एकच सर. ते निवृत्त झाले, जागा वर्षभर रिकामी. मुलीचं अकरावीचं गणित पडद्यावरून झालं, समोर शिक्षक नाही. तिने निभावलं, पण वर्ष वाया गेल्याची सल आम्हाला आहे. म्हणून मुलाच्या प्रवेशावेळीच समुपदेशकांना विचारा की अकरावी-बारावीला गणित आणि विज्ञान कोण शिकवणार, आणि तो माणूस टिकून आहे का.

दुसरी बाजूही आहे. आयोवात 'सीनियर इयर प्लस' नावाची योजना आहे, २००८ सालच्या कायद्याची. हायस्कुलातली मुलं जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय घेऊ शकतात आणि फी डिस्ट्रिक्ट भरतं. मुलीने बारावीत असे चार विषय केले, पुढे विद्यापीठात ते धरले गेले. शिकागोकडे परीक्षांची जी धावाधाव असते ती इथे नाही, पण हा रस्ता स्वतः शोधावा लागतो. नववीतच विचारा.

अजून एक. इथे साडेचौदा वर्षांच्या मुलाला शाळेत जाण्या-येण्यासाठी गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. तुमच्या मुलाचे मित्र नववीतच गाडी घेऊन दारात येतील. घाबरू नका, पण घरात आधी बोलून ठेवा. आम्ही बर्फ पडलं की चावी द्यायची नाही असा नियम केला आणि पाळला.

क्लॅरिनेटवाली:

मी स्वतः अशा शाळेत शिकले, माझ्या वर्गात आम्ही एकूण एकतीस जण होतो. काकू, सप्टेंबर-ऑक्टोबरात 'होमकमिंग'चा, म्हणजे शाळेच्या वार्षिक उत्सवाचा, आठवडा येतो, तेव्हा रोज वेगळा पोशाख असतो: एक दिवस पायजमा, एक दिवस शाळेचे रंग, असं. मुलीला आधी सांगून ठेवा. मी पाचवीत ते माहीत नसताना साध्या कपड्यांत गेले होते आणि दिवसभर बाथरूममध्ये लपावंसं वाटत होतं. कार्यालयातल्या बाईंनी कपाटातून शाळेचा जुना टी-शर्ट काढून दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

भावाला उन्हाळ्यात बेसबॉल आवडेल का बघा. हायस्कुलाचं बेसबॉल आणि सॉफ्टबॉल उन्हाळ्यात खेळणारं आयोवा हे एकटंच राज्य आहे. सुट्टीत गावातली मुलं रोज मैदानावर भेटतात. खेळायचं नसेल तर धावा लिहायला बसायचं. मी तेच करायचे.

नवी_जागा:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. कराडची_लेक ताई, बुधवारचं वाचून मी नवऱ्याला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मुलाला 'गुणफलक चालवायला माणूस लागतो' एवढंच सांगितलं, तर म्हणाला, "ते मला जमेल." बरेच दिवसांनी त्याने स्वतःहून इतकं तरी म्हटलं.

एक शेवटचं विचारते. पाचवीत बँड सुरू होतो असं दिसतंय. लेकीला क्लॅरिनेट हवी आहे. इथूनच विकत घेऊन यावी का?

क्लॅरिनेटवाली:

काकू, विकत अजिबात घेऊ नका. पाचवीतली बरीच मुलं पुढे वाद्य बदलतात. ऑगस्टच्या शेवटी दुकानवाले शाळेत येतात, तिथे महिन्याच्या भाड्याने मिळते. आणि आधी बँडच्या सरांना विचारा, शाळेच्या कपाटात जुनी एखादी असतेच. फक्त रीड (तोंडाशी लावायच्या वेताच्या पातळ पट्ट्या) नव्या घ्या, दोन नंबरच्या, आणि डबाभर घ्या. पहिल्या महिन्यात ती रोज एक मोडेल.