यूजर स्टोरी: कहाणी, गोष्ट की गाऱ्हाणे?

तेरेखोलकाठ
एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा अनुवाद हातात आहे. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी अजाइल पद्धत (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करणे) आणि ह्यूमन-सेंटर्ड डिझाइन (माणसांच्या गरजांपासून सुरू होणारी रचना) यांची सांगड कशी घालावी, असा विषय. पहिल्या पानावर मी 'चपळ विकसन' आणि 'मानवकेंद्री रचना' असे लिहिले. दोन्ही शब्दांबद्दल मनात किंतु आहे, त्यावर मते हवीच आहेत.

पण खरे घोडे अडले ते 'यूजर स्टोरी'पाशी, म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडून एका वाक्यात मांडलेल्या गरजेपाशी. साचा सगळ्यांना ठाऊक आहे: मी अमुक, मला तमुक हवे, कारण असे असे. मी सरळ 'गाऱ्हाणे' लिहिले. तपासणाऱ्या बाई पुण्याच्या. त्यांनी शब्दाखाली रेघ मारून शेरा दिला, 'ही तक्रार नव्हे, गरज आहे.'

मी गोव्यातल्या पेडण्याची. आमच्या देवळात गाऱ्हाणे 'घालतात'. गुरव देवासमोर उभा राहून सांगतो की हे तुझे लेकरू, नोकरीसाठी मुंबईला निघाले आहे, त्याची वाट निवळ कर. मागून सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' कोण, काय, कशासाठी, तिन्ही गोष्टी आल्या. यात तक्रार कुठे आहे?

मुळामुठा
ताई, मी तुमच्या तपासणाऱ्या बाईंच्या बाजूची. पेडण्यात शब्द कसाही असो, पुस्तिका पेडण्यापुरती नाही. आमच्याकडे शेजारची मुले खिडकी फोडतात तेव्हा त्यांच्या आईकडे गाऱ्हाणे नेतात. नाशिक-कोल्हापूरच्या मुलाने 'गाऱ्हाणे क्रमांक १४' वाचले तर तो त्याला बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, समजेल, आणि बगांची रांग तर वेगळी असते. साधी 'गोष्ट' लिहा.

'कहाणी' मात्र नको. कहाणी म्हटले की श्रावण, पाट आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. तिचा शेवट ठरलेला असतो. यूजर स्टोरीचा तसा नसतो.

कागदोपत्री
शासकीय अनुवादात माझी २३ वर्षे गेली. 'गोष्ट' हा बालवाडीचा शब्द, 'गाऱ्हाणे' देवळातला. परिभाषा एका अर्थाला एकच शब्द देते, ते तिचे कामच आहे. 'उपयोजक-कथन' लिहावे. आणि अजाइलला 'चपळ' मुळीच नको. चपळ म्हणजे मूळचा चपल. अमरकोशात विजेच्या नावांत 'चंचला' आणि 'चपला' शेजारी शेजारी आहेत. आज एक आणि उद्या दुसरेच, असा अस्थिरपणा त्या शब्दाच्या हाडात आहे. 'क्षिप्र' घ्या.

फेरीबोट
मी रोज हेच काम करतो. आमच्या गटात सगळे मराठी-कोंकणी बोलणारे. कोणीही उपयोजक-कथन म्हणणार नाही. आम्ही म्हणतो, 'ती स्टोरी मी उचलतो', 'स्टोरी पुढच्या स्प्रिंटात गेली'. स्टोरीचे अनेकवचन 'स्टोऱ्या' होते, विभक्ती लागून 'स्टोरीला' होते, म्हणजे शब्द मराठीच्या चालीत बसला. अडचण कुठे आहे?

स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला, मात्र मी मनातल्या मनात 'फेरी' म्हणतो. रायबंदरहून चोडणला जाणारी बोट जशी ठरल्या वेळी सुटते आणि जे चढले तेवढेच घेऊन पलीकडे जाते, तसे.

कागदोपत्री
'फेरी'चा घोळ पाहा. तुमच्या मनात इंग्रजी बोट आहे आणि वाचकाच्या मनात मराठी चक्कर. दोन भाषांतले दोन शब्द उच्चाराने जुळले म्हणून एक होत नाहीत.

घुमट
कागदोपत्री काका, आदर राखून सांगतो. गोव्यात बसून परक्या शब्दांना नाके मुरडणे कठीण. पगार, लिलाव, घमेले, तिन्ही पोर्तुगीज आणि आज तिन्ही अस्सल मराठी. १६१६ साली रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापले, तेव्हा ते लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सपुढे हाच प्रश्न होता. स्वर्गासाठी त्याने इथलाच 'वैकुंठ' घेतला. ऐकणाऱ्याच्या ओठावर जो शब्द होता तो त्याने उचलला. मला ते मोठे धाडस वाटते.

आता गाऱ्हाण्याचे. माझ्या मते मूळ 'गर्हा', म्हणजे निंदा, दोष देणे. तेव्हा मुळामुठा ताईंचा अर्थ जुना ठरतो. पण गौळणी आठवा. गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणे घेऊन जातात, कान्ह्याने मडके फोडले, लोणी खाल्ले. त्या स्वतः जातात. मध्ये गुरव नाही. तेरेखोलकाठ, तुमच्या देवळातल्या गाऱ्हाण्यात बोलतो भलताच. तुमच्या पुस्तिकेचा विषय हाच आहे ना?

ओला खडू
घुमट भाऊंनी नेमके बोट ठेवले. मी लिहिणार नव्हते, पण आता लिहिते.

काही वर्षांपूर्वी पर्वरीच्या एका कंपनीत होते, नाव नको. ट्रॉलरवाल्यांसाठी अ‍ॅप करायचे होते. काम सुरू झाले जूनच्या पहिल्या आठवड्यात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, मासेमारी बंद असते. मालीमची जेटी ओस पडलेली, खलाशी आपापल्या राज्यात गेलेले. आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे चार स्प्रिंट आम्ही ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यातला एकही माणूस न पाहता काढले. स्टोऱ्या आम्हीच खोलीत बसून लिहिल्या: 'तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणून मला पकड नोंदवायची आहे, म्हणजे हिशेब राहील.' साचा अचूक होता. दर पंधरा दिवसांनी डेमो व्हायचा, टाळ्या पडायच्या.

ऑगस्टमध्ये पहाटे जेटीवर गेले. एका तांडेलाने फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोरीने गळ्यात बांधला होता. तो त्याने बाहेर काढला, पण बोटे ओली, त्यांना खवले चिकटलेले. पडदा दादच देईना. शर्टाला बोट पुसून पाहिले, तर शर्टही ओला. मग फोन माझ्या हातात देऊन त्याने कानावरचा खडू घेतला आणि केबिनच्या फळीवर रेघा ओढल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पकड त्याच्याकडे नोंदलेली होतीच. मी विचारले, मग तुम्हाला काय हवे? म्हणाला, बर्फाची गाडी किती वाजता येणार तेवढे कळू दे.

बर्फाची स्टोरी आमच्या यादीत नव्हतीच.

यावर उपाय नाही असे नाही. ऑटोडेस्कमध्ये काम करणाऱ्या देझिरे साय यांनी २००७ साली लिहून ठेवले आहे: रचनाकारांनी एक फेरी पुढे चालावे. प्रोग्रॅमर या फेरीचे काम करत असतात तेव्हा रचनाकार पुढच्या फेरीचे नमुने लोकांसमोर ठेवून पाहतात आणि त्यापुढच्या फेरीसाठी माणसांना भेटून येतात. आम्ही मे महिन्यात दोन पहाटा जेटीवर गेलो असतो तर जून-जुलै कारणी लागले असते.

म्हणून ताई, 'गाऱ्हाणे' जरूर लिहा, पण ज्याचे गाऱ्हाणे तो समोर उभा असेल तरच.

फेरीबोट
ओला खडू, हे वाचून गप्प बसलो. आमच्याकडेही 'तांडेल म्हणून मला' असे लिहिणारा प्रॉडक्ट ओनरच, म्हणजे काय करायचे ते ठरवणाराच, असतो. साचा मुळात लंडनच्या कॉनेक्स्ट्रा कंपनीत २००१ च्या सुमारास निघाला. त्याच वर्षी अजाइलच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी रॉन जेफ्रीजने स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खात्री. कार्ड ही फक्त आठवण, खरी स्टोरी म्हणजे तोंडी बोलणे. आम्ही कार्ड ठेवले आणि बोलणे सोडले.

मुळामुठा
मग तर 'गोष्ट' अधिकच बरोबर! गोष्ट सांगतात आणि ऐकतात. मराठीत 'चार गोष्टी करणे' म्हणजे बोलणेच की.

तेरेखोलकाठ
ताई, 'चार गोष्टी'चा मुद्दा मनापासून पटला, पण 'गोष्ट' म्हणजे 'बाब'सुद्धा. 'या गोष्टीला तीन गोष्टी लागतील' असली वाक्ये पानोपानी होतील.

ओला खडू, तुमचा अनुभव वाचल्यावर मी दुसऱ्या शब्दाकडे वळले. 'मानवकेंद्री'तला मानव मला चंद्रावर पाऊल ठेवणारा वाटतो. जेटीवर जो उभा होता तो माणूस. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेच्या ९२४१-२१० या मानकात 'यूजर' न म्हणता मुद्दाम 'ह्यूमन' म्हटले आहे, कारण यंत्रणेचा परिणाम न वापरणाऱ्यांवरही होतो. तांडेलाच्या फोनचा परिणाम मासे विकणाऱ्या बाईवर होतो, तिने अ‍ॅप कधी उघडलेले नसले तरी. 'वापरकर्ता' म्हटले की ती बाई बाहेर राहते. मी 'माणूसकेंद्री' करणार.

कागदोपत्री
'माणूस' तद्भव, 'केंद्री' तत्सम. असा समास कानाला खटकतो. 'मनुष्यकेंद्री' शुद्ध होईल. ओला खडू यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्या तांडेलापर्यंत ही पुस्तिका जाणार नाही. ती अभियंत्याकडे जाणार, आणि त्याला काटेकोर शब्द हवा.

घुमट
अभियंता घरी माणूस म्हणतो की मनुष्य?

फेरीबोट
आणि 'चपळ'चे काय ठरले? २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात वेगापेक्षा बदलाला सामोरे जाण्यावर भर आहे. त्या अर्थी 'लवचीक' जवळचे, आणि 'क्षिप्र' तर फारच लांब. कोणी बोलेल का यावर?

ओला खडू
त्याआधी माझी एक शंका. तेरेखोलकाठ, गाऱ्हाणे घालताना नारळ कोणाच्या हातात असतो? आमच्या काणकोणच्या बाजूला मी तो गुरवाच्याच हातात पाहिला आहे.

तेरेखोलकाठ
आत्ताच आईला फोन केला. ती म्हणते, नारळ मागणाऱ्यानेच आणायचा आणि 'व्हय म्हाराजा' होईपर्यंत त्यानेच धरायचा. गुरव हात लावतो तो त्यानंतर, फोडताना.