फाटकाबाहेरचा क्षयरोगी कुणाचा? (हिशेबनीस यांच्या लेखाला उत्तर)

कोलफॅक्सकर
प्रतिसाद लांबत गेला म्हणून वेगळा धागा काढतोय. हिशेबनीस यांनी परवाच्या लेखात अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. चार्ल्स स्पिव्हाक यांना 'भला पण अव्यवहारी' ठरवून टाकलं. त्यांच्या जेसीआरएस (ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी) या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमने हाताबाहेर गेलेले रोगी भरती करून खाटा अडवल्या, आणि गावातलं नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल फक्त सुरुवातीच्या अवस्थेतले घेत होतं तेच शहाणपणाचं, असा एकूण सूर. वाचून डोकं फिरलं. मी डेन्व्हरला लागून असलेल्या लेकवूडला राहतो, जेसीआरएसचं ते जुनं आवार माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे थोडं घरचं कार्य समजून बोलतोय.

नॅशनल ज्यूइश १८९९ साली उघडलं. पैसा आधी येऊन बस्तान बसवलेल्या जर्मन ज्यूंचा. ब्रीद फार देखणं: ज्याला पैसे देता येतात त्याला प्रवेश नाही, आणि आत येणाऱ्याकडे द्यायला पैसे नाहीत. मेख प्रवेशाच्या अटींत होती. आजार सुरुवातीचा हवा आणि मुक्काम साधारण सहा महिने. आता न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यात फुप्फुसं झिजवून डेन्व्हरला उतरलेला रशियन ज्यू कोणत्या अवस्थेत असणार? काम सुटेपर्यंत तो डॉक्टरकडे जातच नव्हता.

१९०४ साली स्पिव्हाक आणि हिलकोविट्झ या दोन डॉक्टरांनी जेसीआरएस काढलं ते याच माणसासाठी. बरोबर कोण, तर कामकरी स्थलांतरित, त्यातले बरेच स्वतःच क्षयी. पहिले सात रुग्ण तंबूंत. अवस्था कोणतीही चालेल, मुदत नाही, पैसे नाहीत, जेवण कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं), डॉक्टर यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणारा. स्पिव्हाक १८८२ साली रशियातून झारच्या पोलिसांना चुकवून आले (कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तेच वर्ष), पडेल ती मजुरी केली, १८९० ला फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले. आपल्या आनंदीबाई त्याच शहरात १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि वर्षाच्या आत पुण्यात क्षयाने गेल्या. हिशेबनीसांच्या नियमाने त्यांनाही खाट मिळाली नसती.

हिशेबनीस
आनंदीबाईंना मध्ये आणलंत म्हणजे मुद्दे संपले असं समजतो.

मी स्पिव्हाकना वाईट म्हटलेलं नाही. मी म्हटलं, खाटा मोजक्या. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सापडलं १९४३ ला, त्याआधी इलाज म्हणजे विश्रांती, हवा, दूध, अंडी. हा इलाज ज्याला लागू पडण्याची शक्यता आहे त्याला खाट द्यायची, की ज्याला पडणारच नाही त्याला दोन वर्षं ठेवून घ्यायचं? निर्णय कठोर आहे, पण कुणीतरी घ्यावाच लागतो. आणि टिकलं कोण तेही बघा. नॅशनल ज्यूइश आज श्वसनरोगांत जगभर नावाजलेलं आहे. जेसीआरएसचं १९५४ साली कर्करोगाचं केंद्र झालं.

छातीचा_डॉक्टर
हिशेबनीस, ऋण काढून सण करू नये हे मान्य, पण तुमच्या वहीत एक रकानाच नाही.

औषधाविना फुप्फुसाच्या टीबीचे साधारण निम्मे रोगी पाच वर्षांत जातात आणि पाव ते तिसरा हिस्सा आपोआप सावरतो. 'सुरुवातीचे' निवडून घेतले की निकाल छानच दिसणार. त्यातले किती हवेने बरे झाले आणि किती नाहीतरी झालेच असते, सांगा बघू. दुसरं, ज्याच्या फुप्फुसात पोकळी झालीय, ज्याच्या बेडक्यात जंतू वळवळतायत, तोच रोग पसरवतो. त्याला परत पाठवलंत की तो एका खोलीत सहा जण झोपतात तिथे जाऊन खोकतो. स्पिव्हाकने तो माणूस तिथून उचलून उघड्या हवेत ठेवला. दयामाया सोडून द्या, निव्वळ आकडेमोडीतही हे बसतं.

आजही तेच. माझ्याकडे रोगी येतो तो दोन महिने खोकल्याची बाटली पिऊन. मध्यंतरी गोळ्यांचाच तुटवडा, कोर्स तुटला, मग एमडीआर (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी) झाला की 'पेशंटने औषध सोडलं' अशी नोंद. गोळी तुम्ही दिली नाहीत आणि सोडली त्याने! असो, विषय भरकटला.

फटकळ
मला एक कळत नाही. माणसं रक्त ओकतायत आणि चर्चा कसली, तर मांसाची भांडी वेगळी आणि दुधाची वेगळी. नॅशनल ज्यूइशने कोशर ठेवलं नव्हतं ते उत्तमच. इस्पितळात देव, सोवळंओवळं, सगळं फाटकाबाहेर.

मिरजेची_माई
फटकळभाऊ, मी नर्स होते. पस्तीसेक वर्षांपूर्वी एका सॅनेटोरियममध्ये (नाव घेणार नाही) एक माळकरी आले होते, पंढरपूरकडचे. वजन असं की कुशीवर वळवताना मला भीती वाटायची. डॉक्टरांनी अंडी लिहिली. ते नको म्हणाले, शांतपणे. मग कुणीतरी हुशारी केली आणि दुधात अंडं फेटून द्यायला लागले. चार दिवस प्याले. पाचव्या दिवशी वॉर्डबॉय बोलून गेला. त्यानंतर त्यांनी दूधच सोडलं, पेजही सोडली, आमच्या हातचं पाणीसुद्धा हुंगून बघायचे. आठवड्यात घरी निघून गेले. त्यांची सून मला म्हणाली, सिस्टर, शेंगदाण्याचा लाडू दिला असता तर खाल्ला असता की त्यांनी.

फटकळ
वाईट वाटलं. पण माई, मारलं कुणी? माळेनेच ना?

मिरजेची_माई
फसवणुकीने. तोंड सांभाळून बोला. तुम्ही कधी जेवण न जाणाऱ्या माणसाच्या उशाशी वाटी घेऊन बसला आहात का?

आळशी_वाघ
अंड्याचा विषय निघालाच आहे तर शाळेच्या पोषण आहाराबद्दल बोला ना. तिथे पोरं मागतायत आणि मोठी माणसं नको म्हणतायत. माझ्या भाचीच्या शाळेत अंडं आलं तर एका पालकाने ताट वेगळं मागितलं, दुसऱ्याने रांगच वेगळी. माळकऱ्याचा मान राखायचा म्हणता, मग या पोरांच्या भुकेचा कोण राखणार?

फटकळ
वाघ, पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोललास.

मिरजेची_माई
ज्याला हवं त्याला द्या की! मी अंड्याच्या विरुद्ध कधी बोलले? स्वतः रोज दोन खाते.

हिशेबनीस
धागा सॅनेटोरियमचा होता.

छातीचा_डॉक्टर
सॅनेटोरियमचाच आहे. झारखंडमध्ये रेशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ ला लॅन्सेटमध्ये आला. २८०० रोगी आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. निम्म्या घरांना जास्तीचा शिधा: तांदूळ, डाळ. त्या घरांत नवीन टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी. रोग्यांच्या पिशवीत दूध पावडर वगैरेही होतं. मुद्दा असा की जे घरात खातात तेच जास्त द्या, तरी काम होतं. सरकारच्या निक्षय योजनेत टीबीच्या रोग्याला आहारासाठी महिना ५०० होते ते २०२४ च्या अखेरीस १००० झाले. आमच्याकडे ते खात्यात कधी पडतात यावर वेगळा धागा काढीन, नाहीतर इथेच भांडण लागेल.

हिशेबनीस
डॉक्टर, मग मद्रासचं विसरलात का? १९५६ ला सुरू झालेला टीबीचा अभ्यास. निम्मे रोगी घरी, निम्मे सॅनेटोरियममध्ये. घरचे तितकेच बरे झाले आणि घरातल्यांना जास्त लागणही झाली नाही. तुमचा 'उचलून उघड्या हवेत' मुद्दा तिथेच निकालात निघतो.

छातीचा_डॉक्टर
अहो, मद्रासला औषध होतं! दोन्हीकडे तीच औषधं. औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने उतरतो, म्हणून घरी ठेवता आलं. १९०४ ला औषध कुठून आणणार? अभ्यासाचं नाव पाठ करून फेकू नका.

हिशेबनीस
पाठ तुम्ही करता, डोसेस. मी वाचतो.

कोलफॅक्सकर
भांडा, पण फटकळांना एक सांगायचं राहिलं. कोशर स्वयंपाकघर चालवणारे स्पिव्हाक स्वतः काही कर्मठ नव्हते. तरुणपणी क्रांतिकारकांत होते. कवी येहोआश डेन्व्हरला क्षयासाठीच आले होते, त्यांच्याबरोबर यांनी यिडिशमधल्या हिब्रू आणि अरामी शब्दांचा कोश केला, १९११ ला छापला. स्पिव्हाक १९२७ ला गेले. मृत्युपत्रात काय लिहिलं होतं? देह जवळच्या मेडिकल कॉलेजला द्या, विच्छेदन ज्यू आणि ज्यूतर विद्यार्थ्यांनी सारख्या संख्येने करावं, मग हाडं नीट जोडून सांगाडा जेरुसलेमच्या विद्यापीठात शरीररचना शिकवायला पाठवा. ज्यू परंपरेत प्रेताची अशी चिरफाड बहुतेकांना चालत नाही. म्हणजे स्वयंपाकघर स्वतःच्या देवासाठी नव्हतं, खाटेवरच्या माणसाच्या घशाखाली घास उतरावा म्हणून होतं.

फटकळ
हं. सांगाड्याचा माणूस माझा. स्वयंपाकघराचं अजून पटलेलं नाही. पण माईंच्या माळकऱ्याला लाडू द्यायला हवा होता, एवढं लिहून देतो. माळेबद्दलचं वाक्य मागे घेत नाही.

मिरजेची_माई
नका घेऊ. मला त्याची गरज नाही.

हिशेबनीस
बरं, संसर्गाचा रकाना माझ्या हिशेबात नव्हता. पुढच्या लेखात घालतो, डॉक्टरांची फी किती ते कळवा. तरी मोजक्या खाटांचा प्रश्न उरतोच. जेसीआरएसच्या दारातही प्रतीक्षा यादी असणारच, आणि रांगेतल्या कुणाला तरी स्पिव्हाकही 'थांब' म्हणाले असतील. ते वाक्य तुमच्यापैकी कुणीच लिहिलं नाही.

कोलफॅक्सकर
म्हणाले असतील. पण 'थांब, तू फार आजारी आहेस' असं नाही म्हणाले. आणि तुमच्या शहाण्या नॅशनल ज्यूइशनेही पुढे १९२०च्या दशकात कोशर स्वयंपाकघर सुरू केलंच. तेही मांडा वहीत.

आळशी_वाघ
अंड्यांचा धागा काढलाय. माई, फटकळ, दोघांनी तिकडे या.