न ऐकलेल्या लेखकाचं पुस्तक विकत घ्यावं का?

गोदाकाठी

प्रदर्शनात हे हमखास दिसतं. माणूस पुस्तक उचलतो, दोन पानं उभ्याउभ्या वाचतो, चेहऱ्यावर रस दिसायला लागतो. मग खिशातून मोबाइल निघतो, लेखकाचं नाव शोधलं जातं, काही सापडत नाही आणि पुस्तक जागेवर ठेवलं जातं. अरे, आवडत होतं ना? मग?

माझं मत असं की पुस्तकं घ्यायला गेलो की त्यात एक तरी साफ अनोळखी असावं. लेखक अनोळखी, जमलं तर विषयही. आपल्या नाशकात कॉलेज रोड-गंगापूर रोडला कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात जा, दर्शनी टेबलावर ठरलेलीच नावं: ऐतिहासिक कादंबऱ्या, दोन-तीन सदाबहार विनोदी लेखक आणि 'श्रीमंत व्हा' छापाची भाषांतरं. वाईट आहेत असं म्हणत नाही (शेवटची बहुतेक आहेत). पण ती खपतात म्हणून मांडतात आणि मांडतात म्हणून खपतात.

मी असंच एकदा जुन्या विहिरी-बारवांच्या बांधकामावरचं पुस्तक उचललं. लेखक पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आधीचं एकही पुस्तक नावावर नाही, मुखपृष्ठ लग्नपत्रिकेसारखं. आत मात्र चुना कसा मळायचा, पायऱ्यांचे दगड कसे बसवायचे, मोटेचं पाणी थारोळ्यात (विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात) पडताना दगड झिजू नये म्हणून काय करायचे, हे सगळं इतक्या हौसेने लिहिलंय की आता रस्त्यात बारव दिसली की गाडी बाजूला घेतो. घरचे वैतागतात.

'वाचनालय आहे की' असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. वाचनालयातलं पुस्तकही कुणीतरी विकतच घेतलेलं असतं.

सुनंदा_पंचवटी

वाचनालय आहे की! म्हणणारच होते, म्हटलं.

हौस ठीक आहे हो, पण पगाराच्या कुठल्या कोपऱ्यातून? दोनशे पानांची साधी कादंबरी आज तीनशे रुपयांच्या घरात जाते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तरी ही किंमत. महिन्याला दोन पुस्तकं घेणाऱ्याने त्यातलं एक आंधळेपणाने घ्यायचं म्हणजे निम्मं बजेट जुगारावर.

आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. नशीब आजमावायचं तर टिळक पथावर जाऊन आजमावा. तिथून पुस्तक आणावं, नाही जमलं तर परत टाकावं, जीव जडला तरच विकत घ्यावं. आणि जागेचं काय? माझं दोन खोल्यांचं घर आहे. न आवडलेलं पुस्तक कपाटात ठेववत नाही आणि रद्दीतही देववत नाही. ते वर्षानुवर्षं माझ्याकडे बघत बसतं.

चष्मा_सांभाळा

गोदाकाठी, तुमचा 'अनोळखी' फार भाबडा आहे. त्यात दोन जाती आहेत. एक, चांगलं लिहिलंय पण कुणी जाहिरात केली नाही. दुसरी, लेखकाने स्वतःच्या पैशाने छापून घेतलं, संपादकाने हात लावला नाही, मुद्रितशोधन झालं नाही, प्रकाशन समारंभात पेढे वाटले आणि उरलेल्या प्रती घरच्या माळ्यावर गेल्या. हल्ली दुसरी जात उदंड झाली आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

अनुभव सांगतो. एक कथासंग्रह घेतला, लेखक नवा. सातवा फर्मा (एकत्र छापून दुमडलेला सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा बांधलेला. पान ११२ संपलं की पुन्हा ९७! ११३ ते १२८ गायब, आणि नेमकी तिथेच एका कथेचा शेवट. लेखकाचा नंबर मलपृष्ठावर होता, फोन लावला. ते म्हणाले, "अहो, तुम्ही तिथपर्यंत वाचलंत?" इतका आनंद झाला होता त्यांना की मला तक्रारच करता येईना.

नाव झालेल्या प्रकाशनाकडे निदान कुणीतरी हस्तलिखित वाचून 'हो' म्हटलेलं असतं. तेवढी गाळणी मला हवी. तिचेच पैसे मी देतो.

गोदाकाठी

चष्मा, त्या गहाळ पानांवरच्या कथेचा शेवट काय होता, विचारलंत की नाही?

सुनंदाताई, निम्मं बजेट नको. वर्षाला दोन घ्या. पण तुमच्या हिशोबात एक घोटाळा आहे. वाचनालयात जे आलंय त्यातूनच तुम्ही निवडणार. तिथे काय येतं? सभासद जे मागतात ते. सभासद काय मागतात? जे ऐकलंय ते. गाडी फिरून तिथेच.

काउंटरच्या_आतून

दुकानदार आहे, दुकानाचं नाव सांगत नाही.

पहिली गोष्ट. मोबाइल काढणारं गिऱ्हाईक लेखक शोधत नसतं, बहुतेकदा किंमत शोधत असतं. ऑनलाइन वीस टक्के कमी दिसली की 'येतो' म्हणून जातं. तेव्हा त्याला वाचनाच्या धैर्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी. पूर्वी पहिली आवृत्ती हजार प्रतींची निघायची. आता पाचशे, तीनशे, नाही तर मागणी येईल तशी छपाई. नव्या लेखकाच्या माझ्याकडे चार-पाच प्रती येतात, विकल्या तर पैसे, नाही तर परत. दर्शनी टेबल मी त्यांना देत नाही, कारण दुकानाचं भाडं ते टेबल काढतं. गोदाकाठींना राग येईल, पण हे असं आहे.

तिसरी, घ्यायचंच असेल तर आंधळेपणाने कशाला? डोळे आहेत ना. पहिलं पान वाचू नका, ते लेखकाने दहादा घासलेलं असतं. साठाव्या पानाच्या आसपास उघडा, तिथे तो बेसावध असतो. दोन परिच्छेदांत कळतं. मलपृष्ठावरचा मजकूर मित्राने लिहिलेला असतो, तो सोडा. माहितीपर पुस्तक असेल तर शेवटी सूची (कुठलं नाव, कुठला विषय कुठल्या पानावर) आहे का बघा. सूची करणाऱ्याने सहसा बाकीचं कामही नीट केलेलं असतं. आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असेल तर फोडून मागा. आम्ही कुरकुरतो, पण देतो.

चष्मा_सांभाळा

साठावं पान मान्य. पण हे 'चान्स घेणं' राहिलं कुठे? ही तर तपासणी झाली. म्हणजे माझंच म्हणणं.

वाचनालयवाली_सिन्नर

तुमचा सगळा वाद शहरी आहे, राग मानू नका. आमच्या गावात साठावं पान उघडायला पुस्तक समोर असावं लागतं ना! दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि पंचांग. नाशिकला यायचं तर अख्खा दिवस जातो. ऑनलाइन घ्यायचं तर चित्र आणि किंमत दिसते, पुस्तक नाही. आमची प्रत्येक खरेदी अनोळखीच असते, त्याचं कौतुक वाटत नाही आम्हाला.

गावातल्या छोट्या वाचनालयाचं काम बघते. १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, आणि तेही वेळेवर येईल तर शपथ. त्यातून पुस्तकं घ्यायची. शासनमान्य यादी येते, त्यात नवे लेखक भरपूर असतात, पण नुसत्या नावावरून काय ओळखायचं? मग मीही ओळखीची नावं टाकते. एक पुस्तक फसलं तर तुमचे तीनशे जातात, माझ्याकडे वर्षभर कपाटातली एक जागा अडते आणि कमिटीत कुणीतरी विचारतं, हे कशाला आणलं?

सुनंदा_पंचवटी

सिन्नरच्या ताई, हे मला सुचलंच नव्हतं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. स्वस्तात चान्स घ्यायचा तर दिवाळी अंक आहेत की! १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणूस अनोळखी लेखक असेच चाखत आलाय. एका अंकात वीस-पंचवीस लेखक. पाच आवडले तरी पैसे वसूल. त्यातलं एखादं नाव टिपून ठेवायचं, पुस्तक आलं की बघायचं.

गोदाकाठी

दिवाळी अंकाचं शंभर टक्के पटलं. त्यात भर: राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं. मुखपृष्ठं सरकारी, किंमत मात्र हातात मावणारी, शिवाय बरीचशी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' माला तर याच कामासाठी आहे, दुसऱ्या भारतीय भाषेतलं पुस्तक मराठीत. असमिया किंवा मल्याळी लेखक आपल्यापैकी कुणाला माहीत असतात? चष्मा, तिथे तुमची गाळणीही आहे.

चष्मा_सांभाळा

आहे, पण भाषांतर कधीकधी असं असतं की गाळणीलाच गाळणी लावावी. घेतलंय एक. माणसांची नावं लक्षात राहीपर्यंत निम्मी मेली होती.

काउंटरच्या_आतून

ती माला माझ्याकडे मागितली की मागवून देतो. मागितली कुणी नाही अजून.

वाचनालयवाली_सिन्नर

गोदाकाठी, बोलायला काय जातं? यंदाची आमची यादी करायची आहे. एक अनोळखी नाव तुम्ही सुचवा. फसलं तर कमिटीसमोर तुमचं नाव सांगेन.

गोदाकाठी

सुचवतो की! पण अट एकच, परीक्षण मागायचं नाही.

वाचनालयवाली_सिन्नर

मागणार. पैसे अनुदानाचे आहेत, माझ्या हौसेचे नाहीत. शिवाय साठाव्या पानाचा फोटोही पाठवा.