न·क्ष^न ची बेरीज: सूत्र पाठ करायची गरज नाही
न·क्ष^न ची अनंत बेरीज (न = ० पासून, म्हणजे ० + क्ष + २क्ष² + ३क्ष³ + …) किती, हा प्रश्न दोन ओळींत सुटतो. साधी भूमिती श्रेढी (१ + क्ष + क्ष² + …) घ्या, तिची बेरीज १/(१−क्ष). तिचं क्ष च्या संदर्भात विकलन करा आणि क्ष नं गुणा: क्ष/(१−क्ष)². झेड ट्रान्सफॉर्ममध्ये (संख्यांच्या क्रमाचं फलनात रूपांतर करायची पद्धत) न·क्ष^न साठी जो दुहेरी पोल (छेद दोनदा शून्य होतो ती जागा) दिसतो, तो इथूनच येतो.

पण |क्ष| < १ ही अट सूत्राला चिकटवूनच लिहा. क्ष = १/२ टाकलं की उत्तर २; न = १० पर्यंतच्या पदांतच १.९८८ होतात. आता क्ष = २ टाकून बघा, सूत्र पुन्हा २च म्हणतं! प्रत्यक्षात बेरीज २, १०, ३४ अशी सुसाट सुटलेली असते. सूत्र बिचारं तक्रार करत नाही, त्यामुळे अभिसरणाचा प्रदेश (क्ष च्या कोणत्या किमतींना बेरीज एका ठरावीक संख्येवर स्थिरावते) आपणच तपासायचा.