एअरफ्लो सेन्सरची नळी बदलली, आता ट्यूनिंग जमेना. मदत हवी आहे
मंडळी, हौस नडली. माझ्या जुन्या १.६ पेट्रोल सेडानचा एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) ६३ मिमीच्या मूळ नळीतून काढून ६८ मिमीच्या नळीत बसवला. सेन्सर तोच, गरम तारेचा. नळी रुंद झाली की तारेवरून हवा मंद जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) खऱ्यापेक्षा कमी हवा दिसते आणि पेट्रोल कमी पडतं, इथवर डोक्यात शिरलंय. क्षेत्रफळाच्या हिशोबाने फरक साधारण १६.५ टक्के.

स्कॅनर लावला तर साठच्या स्पीडला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून कायम किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा) +१५, म्हणजे हिशोबाला धरून. पण गाडी उभी असताना +२२! आरपीएमचा काटा ७०० ते ९५० नाचतो, एसी लावला की बंदच पडते. कुठून हवा गळतेय का बघायला इनटेकच्या जोडांवर कार्ब क्लीनर मारून पाहिला, काही फरक नाही. एक कबुली: नवीन नळीत हवा सरळ करणारी मूळची जाळी नाही आणि सेन्सर वळणाला अगदी खेटून बसलाय.

काल खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये खडखड नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू आलं आणि पाय आपोआप वर आला.

सेन्सरचं सगळं टेबल (कोणत्या व्होल्टेजला किती हवा, हा ईसीयूमधला तक्ता) सरसकट १.१६५ ने गुणू, की आधी जाळी बसवून मग व्होल्टेजनुसार एकेक जागा दुरुस्त करू? आणि हवा कमी दिसल्याने ईसीयू लोडही (इंजिनावरचा भार) कमी धरतो, म्हणजे इग्निशन जास्त पुढे जात असणार, ठिणगी लवकर पडत असणार ना? टेबल सुधारलं की तेही जागेवर येईल का? वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा सेन्सर) अजून घेतलेला नाही. त्याशिवाय हात लावू नको म्हणत असाल तर तसं सांगा.