विषय: पत्त्यांची निळी वही कुणाकडे आहे? (रविवारच्या आत हवी)

नंदू (टोरांटो):
मंडळी, आपल्या कुवेतच्या मराठी मंडळाची १९८९ची निळी वही हवी आहे. तीच, डाव्या पानावर कुवेतमधला, सालमिया-फहाहीलचा पत्ता आणि उजव्या पानावर 'गावचा पत्ता'. आमची कुवेतच्या शाळेतली नववी-ब २७ डिसेंबरला पुण्यात जमतेय. ४१ पैकी १८ सापडले. मुलींची आडनावं बदललीत, मुलगे फेसबुकवर नाहीत. केटररला रविवारी ताटं सांगायची आहेत. ज्याच्याकडे असेल त्याने पानांचे फोटो टाका, एवढंच.

सचिव:
नंदू, ही ईमेल यादी मंडळाच्या कामासाठी आहे. दिवाळी पहाटच्या तिकिटांचा माझा मेल खाली गेला. त्या ४१ मध्ये मराठी किती होते? सहा? मग हा शाळेचा विषय झाला, मंडळाचा नाही. आणि कृपया दरवेळी सगळ्यांना उत्तर पाठवू नका.

शैलाकाकू (डोंबिवली):
सगळ्यांनाच पाठवते आहे. सचिवसाहेब, तुम्ही २०११ला कुवेतला आलात म्हणून सांगते. आमचा गणपती फ्लॅटमध्ये, पडदे ओढून, टाळ रुमालात गुंडाळून व्हायचा. आरतीत सगळ्यात खणखणीत आवाज वरच्या मजल्यावरच्या मल्याळी मुलाचा. 'लवथवती विक्राळा'चा अर्थ त्याला कळत नव्हता, आम्हाला तरी कुठे कळत होता! तो नंदूच्याच वर्गातला. त्याला मंडळाबाहेरचा म्हणायचं असेल तर आधी त्याने खाल्लेल्या मोदकांचा हिशेब काढा.

बापूकाका (पुणे):
वही माझ्याकडे आहे. फोटो मिळणार नाहीत.
कारण सांगतो. इराकने कुवेत घेतल्यावर सप्टेंबर १९९० मध्ये आम्ही निघालो, तेव्हा बसमध्ये माणशी एक बॅग होती. आमची ही म्हणाली, लग्नाचा अल्बम घ्या. मी वही घेतली. तेव्हा आपल्या कुवेती दिनारला इराकी दिनाराच्या बरोबरीला आणून बसवलं होतं, नोटा नेऊन उपयोग नव्हता. पत्ते मात्र उपयोगी पडणार हे मला कळत होतं. अल्बमवरून अजून ऐकतो. बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, तिथे तंबूत अकरा दिवस, मग विमान. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या आयोगाच्या नुकसानभरपाईचे अर्ज निघाले तेव्हा कुवेतमधला पत्ता आठवेना म्हणून निम्मी मंडळी माझ्या दारात. अ वर्गात, म्हणजे देश सोडावा लागला त्यांना, कुटुंबामागे पाच हजार डॉलर मिळायचे, बाकी कुठला दावा केला नाही तर आठ. त्या धामधुमीत एकदाच वही बाहेर दिली. २३ ते २६ ही पानं नसलेली परत आली. त्यानंतर वही घराबाहेर नाही. ज्याला हवी त्याने येऊन वाचावी.

विकास (मस्कत):
काका, अकरा दिवस नाही, आपण आठ दिवस होतो. एकाच बसमध्ये होतो की. आणि एअर इंडियाच्या त्या ४८८ फेऱ्या, लाखावर माणसं आणली, त्या मुख्यतः जॉर्डनच्या अम्मानहून. पुढची पिढी बगदादहून समजते म्हणून लिहून ठेवतो.

बापूकाका:
विकास, तू तेव्हा बारा वर्षांचा होतास आणि तापाने फणफणला होतास. अकरा.

अद्वैत (कुवेत):
मोबाइलने फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. मी पुण्यातल्या चुलतभावाला पाठवतो. वहीला हातसुद्धा लावणार नाही.

सचिव:
लोकांचे पत्ते न विचारता यादीवर टाकता येणार नाहीत. इथे काकांचं बरोबर आहे.

नंदू:
पस्तीस वर्षांपूर्वीचे पत्ते आहेत हो! निम्म्या चाळींचे टॉवर झाले असतील. पण काका, २३ ते २६ म्हणजे फहाहील का? मग पंचाईतच आहे, आमची अख्खी स्कूल बस तिथली.
सचिवांना मंडळाचा विषय का ते सांगतो. २ ऑगस्टला इराक घुसला तेव्हा शाळेला सुट्टी होती. अर्धा वर्ग भारतात आजोळी गेलेला, तो परतलाच नाही. उरलेले आम्ही मिळेल त्या बसने निघालो. एकमेकांना 'येतो' म्हणायचं राहूनच गेलं. जूनमध्ये शेवटच्या दिवशी मी शेजारच्या मुलीची कंपासपेटी मागून घेतली होती, सुट्टीचा गृहपाठ करायला. ती आमच्या बॅगेतून अम्मान, मुंबई करत टोरांटोला आली. करकटक आहे, कोनमापक हरवला. तिचं नाव आठवतं, आडनाव नाही. बाबा तेल कंपनीत, फहाहील. मराठी नव्हती, आगाऊच सांगतो.

शैलाकाकू:
बापूसाहेब, पानं मी फाडली नाहीत. मी फक्त नेली होती. अर्ज भरायला आमच्या मजल्यावरची पाच कुटुंबं बसली होती, वही एकच, म्हणून टाचण्या काढून वाटून घेतली. परत लावायची राहिली. माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. एका पानावर चहा सांडलाय.

बापूकाका:
बत्तीस वर्षं मी विकासच्या वडिलांवर संशय घेत होतो.

विकास:
बाबांना सांगतो. आठ दिवस.

बापूकाका:
नंदू, शनिवारी संध्याकाळी पाचनंतर फोन कर, त्याआधी मी झोपलेला असतो. एकेक नाव वाचून दाखवीन, तू लिहून घे. गावच्या पत्त्यावर आधी पत्र टाकायचं, थेट जाऊन धडकायचं नाही. शैलाताई, त्याआधी माझी चार पानं कुरिअरने पाठवा. चहासकट चालतील.

सचिव:
दिवाळी पहाटची ६२ तिकिटं शिल्लक आहेत.